जुन्या धाटणीचं रिमोटचं विमान: पावसाळ्यात बनवायचं, थंडीत उडवायचं

सगळ्यात आधी एक क्लिअर करतो, हे ड्रोनबद्दल नाहीये, आणि बॉक्समधून काढलं, बॅटरी लावली, उडवलं अशा फोमच्या रेडिमेड विमानाबद्दल पण नाहीये. हे आहे बाल्सा लाकडाच्या काड्या, टाचण्या आणि फेविकॉल घेऊन जुन्या प्लॅनवरून बनवलेल्या विमानाबद्दल, ज्याला या छंदातली मंडळी विंटेज किंवा ओल्ड टायमर म्हणतात. आम्ही नाशिकचे चौघं जण काही वर्षं हे करतोय, एक अंबडला एमआयडीसीत टर्नर, एक शाळेत मास्तर, एक बँकेत आणि चौथा मी, आणि ज्याला पहिल्यांदाच करायचंय त्याला आमच्या चुका फुकटात मिळाव्यात म्हणून हे लिहितोय.

विंटेजच का, हे नीट समजलं तर पुढचं बरंच सोपं जातं. १९३० आणि ४० च्या दशकातली ही डिझाइन्स रिमोटसाठी बनलेलीच नव्हती. तेव्हा विमान बनवायचं, इंजिनात मोजून थोडंसं इंधन घालायचं, हातातून सोडायचं आणि मग शेतातून त्याच्या मागे पळत सुटायचं, याला फ्री फ्लाइट म्हणायचे. खाली कोणाच्या हातात काहीच कंट्रोल नाही म्हणजे विमानाला वर स्वतःलाच सांभाळून घ्यायला लागायचं, म्हणून पंख भलामोठा, तो पण बॉडीच्या वर बसवलेला, दोन्ही टोकं चांगली वर उचललेली, आणि स्पीड एवढा कमी की खालून सायकलवर सोबत जाता येईल. वाऱ्याने एका बाजूला कललं तर आपलं आपण सरळ होतं. रेडिओ नंतर आला. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं, ते आज तिकडच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यानंतरही बरीच वर्षं साध्या माणसाला परवडायचा तो सिंगल चॅनल सेट, म्हणजे ट्रान्समीटरला एकच बटण आणि विमानात पीळ दिलेल्या रबरावर चालणारा एक खटका, बटण दाबलं की रडर (शेपटावरची वळवायची उभी फळी) एका बाजूला, सोडलं की मधे, परत दाबलं की दुसऱ्या बाजूला. बास, एवढंच. विमान आपलं उडत असायचं आणि पायलट त्याला अधूनमधून ‘अरे इकडे वळ’ एवढंच सांगायचा.

आज आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा झकास रिमोट असला तरी या विमानांचा स्वभाव तोच आहे. म्हणून सगळं लक्ष बनवण्यात घाला. सरळ आणि हलकं बनलं तर उडवणं म्हणजे काही विशेष नाही, वाकडं बनलं तर जगातला कुठलाही रिमोट ते सरळ करत नाही.

कधी सुरू करायचं

आमचं कॅलेंडर ठरलेलं आहे. आषाढात प्लॅन छापायचा, श्रावण-भाद्रपदात सांगाडा बनवायचा (बाहेर उडवायला तसंही काही नसतं, पश्चिमेचा वारा सुटलेला असतो आणि मैदानात चिखल), दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की वरचं कव्हरिंग करायचं आणि दिवाळीनंतर उडवायचं. हे मुद्दाम असंच आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकर मारला की तो पांढरा फटक पडतो, दुधाची साय धरल्यासारखा, आणि बाल्साच्या पातळ काड्या ओल धरून वाकतात. एका वर्षी घाई करून गणपतीतच कव्हरिंग उरकलं आणि दिवाळीला बघतो तर शेपटाचा नुसता पापड झालेला.

कुठलं विमान निवडायचं

पहिल्यासाठी माझं सरळ मत, ज्युनिअर ६०. ब्रिटनच्या कील क्राफ्ट कंपनीसाठी अल्बर्ट हॅटफुल यांनी १९४६ मध्ये केलेलं डिझाइन, मूळ फ्री फ्लाइटचं. नावातले ६० म्हणजे पंखाची लांबी ६० इंच, साधारण दीड मीटर. एवढं मोठं कशाला असं सगळेच विचारतात, पण मोठं विमान संथ उडतं, लांबून दिसतं आणि आत हात घालायला जागा असते. ३६ इंची टॉमबॉय पण फार गोड विमान आहे, १९५० चं, व्हिक स्मीड यांचं, पण ते दुसरं म्हणून करा, लहान विमानात प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो.

प्लॅन आउटरझोन नावाच्या साइटवर फुकट मिळतात, जगभरच्या लोकांनी जुने प्लॅन स्कॅन करून टाकलेत. पीडीएफ उतरवायची आणि आर्किटेक्ट लोक ड्रॉइंग काढतात त्या प्लॉटरवाल्याकडे जायचं. आता इथे नीट ऐका. काउंटरवरच्या पोराला ‘ॲक्च्युअल साइज, शंभर टक्के’ असं तोंडी सांगायचं आणि प्रिंट हातात आली की तिथेच, पैसे द्यायच्या आधी, पट्टी लावून मोजायचं. आम्ही मोजलं नव्हतं. मशीनवर पानात बसवायचं सेटिंग चालू राहिलेलं, सगळा प्लॅन जेमतेम चार टक्के लहान निघाला, डोळ्याला काही कळत नाही, आम्ही त्याच्यावर बावीस रिब्ज, म्हणजे पंखाच्या फासळ्या, कापल्या आणि मग बाजारातून आणलेल्या बरोबर मापाच्या काड्या एकाही खाचेत जाईनात. मास्तर म्हणाले, काड्या तासू. दोन रात्री तासल्या. शेवटी सगळं फेकलं.

लाकूड आणि बाकी सामान

बाल्सा मुख्यतः इक्वाडोरहून येतो, नाशिकला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, ऑनलाइन हॉबी शॉपवरून मागवायचा. साधारण ३ फूट लांब आणि ३ इंच रुंद अशा पट्ट्या येतात. घरी आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक पट्टी ठेवायची आणि पेन्सिलने तिच्यावरच वजन लिहायचं. एकाच मापाची ३ मिलिमीटरची पट्टी, एक २० ग्रॅम भरेल आणि दुसरी ४०, दिसायला दोन्ही सारख्याच. हलक्या पट्ट्या शेपटासाठी आणि रिब्जसाठी, कडक जड त्या पंखाच्या मुख्य काडीसाठी, म्हणजे स्पारसाठी, आणि बॉडीच्या लांब काड्यांसाठी. शेपटाला हलकं का, तर शेपूट बॅलन्स पॉइंटपासून लांब असतं आणि नाक जवळ, म्हणजे मागे १० ग्रॅम जास्त गेले तर पुढे २५-३० ग्रॅम शिसं भरावं लागतं, तराजूचंच गणित.

बाकीचं गावातच होतं. प्लॅन ठेवायला सपाट फळी, आम्ही फ्लश डोअरचा तुकडा घेतला आणि त्यावर टाचण्या घुसतील असा सॉफ्टबोर्ड ठोकला. रडर आणि एलिव्हेटर (शेपटावरची नाक वर-खाली करणारी आडवी फळी) ओढायच्या तारेला सायकलचा आरा, २ मिलिमीटरचा, एका टोकाला आटे आयतेच असतात. चाकांच्या पायाला ३ मिलिमीटरची स्प्रिंगची तार लागते, ती आमच्या टर्नरने एमआयडीसीतून आणून व्हाइसमध्ये वाकवून दिली, साधी लोखंडी तार घेऊ नका, पहिल्याच लँडिंगला पाय पसरून बसते. आणि नाकात भरायच्या वजनाला टायरवाल्याकडची चिकट बॅलन्सिंग वेट्स, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे सुटे करता येतात, मागचा कागद काढला की चिकटले.

खर्चाचं विचाराल तर आमचं पहिलं विमान चौघांत मिळून वीस हजारांच्या आसपास पडलं, त्यातला निम्मा रिमोट आणि चार्जरचा, जो पुढच्या विमानांना तसाच वापरला. चौघांत करायचं हे एक कारण. दुसरं कारण असं की प्रत्येकाचा हात वेगळ्या कामाला बसतो, बँकवाला रिब्ज कापायला बसला की एकसारख्या कापतो आणि मी कापल्या की प्रत्येकीचा चेहरा वेगळा.

सांगाडा

प्लॅन फळीवर पसरायचा, त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद, नाहीतर विमान प्लॅनलाच चिकटतं. आधी शेपूट करा. ते सपाट असतं, सोपं असतं, बिघडलं तरी नुकसान कमी आणि हात बसतो. काडी कापायची, प्लॅनवरच्या रेषेवर ठेवायची, टाचणी काडीतून न घालता तिच्या दोन्ही बाजूंनी आडवी-तिडवी टोचायची म्हणजे काडी चिमटीत धरल्यासारखी राहते, सांध्याला फेविकॉलचा टिपका आणि रात्रभर हात लावायचा नाही. फेव्हिक्विक जिथे तिथे वापरायचा मोह होतो, पण तो लगेच धरतो म्हणजे चूक पण लगेच धरतो. फेविकॉल दहा मिनिटं देतो सरळ करायला. फेव्हिक्विक मैदानावर दुरुस्तीला ठेवा.

बॉडीच्या दोन बाजू एकाच रेषेवर, एकावर एक बनवायच्या, मधे प्लास्टिक. वेगवेगळ्या बनवल्या तर दोन सारख्या होत नाहीत आणि जोडल्यावर बॉडी केळ्यासारखी वाकते. दोन्ही वाळल्या की गुण्याच्या मदतीने उभ्या करून मधल्या आडव्या काड्या लावायच्या, आधी पंखाखालचा चौकोनी भाग, मग शेपटाकडे दोन्ही बाजू जवळ आणायच्या. प्रत्येक टप्प्याला मागून एक डोळा मिटून बघायचं. नाकाला मोटरसाठी ५ मिलिमीटरचं चांगलं प्लायवुड, आणि इथे फेविकॉल पुरत नाही, इपॉक्सी वापरायचं.

पंखात खरा वेळ जातो. प्लायवुडचा एक नमुना करून त्याच्याभोवती सगळ्या रिब्ज ब्लेडने कापायच्या, मग त्या सगळ्यांची पुरणपोळ्यांसारखी चळत करून दोन पिना आरपार घालून एकदम सँडपेपर मारायचा, म्हणजे सगळ्या एक होतात. खालचा स्पार प्लॅनवर टाचायचा, त्यावर रिब्ज, मग पुढची आणि मागची कड, मग वरचा स्पार. डावा पंख आणि उजवा पंख वेगळा बनतो हे लक्षात ठेवा, हसू नका, आम्ही दोन डावे बनवलेत.

पंखाची टोकं जी वर उचललेली असतात, डायहिड्रल, तो कोन प्लॅनवर दिलेला असतो तेवढाच ठेवायचा, ‘जरा कमी केलं तर छान दिसेल’ असं करायचं नाही. या विमानाला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या फळ्या) नसतात, रडरने वळवलं की याच कोनामुळे ते कलतं, कोन कमी केला तर विमान नुसतं तोंड वाकडं करतं आणि वळत नाही. मधल्या जोडाला प्लायवुडची पट्टी आणि परत इपॉक्सी, विमानाचा सगळा भार त्या एका सांध्यावर असतो. आणि टोकांच्या मागच्या कडेखाली बनवतानाच ३-४ मिलिमीटरची पट्टी सरकवायची, दोन्हीकडे सारखी, त्याला वॉशआउट म्हणतात. म्हणजे स्पीड कमी पडला तर आधी मधला पंख दम सोडतो, टोकं धरून ठेवतात आणि विमान एका बाजूला न कोसळता नाक खाली करून परत स्पीड घेतं.

कव्हरिंग

इथे दोन पंथ आहेत आणि भांडणं होतात. जुना पंथ कागद किंवा रेशीम आणि त्यावर डोप, म्हणजे ताणून धरणारा लॅकर, नवा पंथ इस्त्रीने चिकटणारी फिल्म. पहिल्या विमानाला फिल्म लावा, मी जुन्या पंथाचा असून सांगतोय. जुनी कपड्याची इस्त्री, त्यावर सुती मोजा चढवायचा, आधी कमी तापमानावर कडा चिकटवायच्या, मग तापमान वाढवून मधला भाग फिरवला की सुरकुत्या डोळ्यासमोर निघून जातात, ढोलाची वादी ओढल्यासारखी फिल्म ताणली जाते. एकाच बाजूला सगळी ताणायची नाही, वर थोडी, खाली थोडी, नाहीतर पंख पिळला जातो. पिळलाच तर एकाने हातात उलटा पीळ देऊन धरायचा आणि दुसऱ्याने इस्त्री फिरवायची, थंड होईपर्यंत सोडायचा नाही.

पण कागदाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. संक्रांतीनंतर पतंगाचा उरलेला कागद मिळतो तो आम्ही छोट्या विमानांना वापरला. आधी फ्रेमच्या कडेला पातळ फेविकॉलने चिकटवायचा, मग स्प्रेने पाण्याचा हलका फवारा, कागद सैल लोंबतो, पोटात गोळा येतो की गेलं सगळं, आणि तासाभरात वाळता वाळता असा ताणला जातो की टिचकी मारली तर डफ वाजतो. त्यावर फर्निचर पॉलिशवाल्यांचा एनसी क्लिअर लॅकर, थिनर घालून पातळ केलेला, दोन-तीन हात, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब. गडद रंगाचा पतंगाचा कागद पाण्याने रंग सोडतो, आधी तुकड्यावर बघा, आमचं पांढरं विमान गुलाबी झालंय. मोठ्या विमानाला मात्र हा कागद पुरत नाही, तिथे रेशीम. बँकवाल्याच्या आजीची एक विरलेली सिल्कची साडी मिळाली होती, जरीचे काठ कापून (जड आणि ताठ असतात) मधलं कापड वापरलं, त्या विमानाला आम्ही आजीच म्हणतो, नाव तेच पडलं.

मोटर आणि रेडिओ

इंजिन की इलेक्ट्रिक? जुन्या काळी डिझेल इंजिनं असायची, इंधन म्हणजे इथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समसमान, तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. पण इथर धोक्याचं, ग्लो इंजिनचं मिथेनॉल विषारी, दोन्ही सहज मिळत नाहीत, आणि पंखावर एरंडेलाचा थर बसतो तो वेगळा. सुरुवातीला इलेक्ट्रिकच करा. ज्युनिअर ६० तयार होऊन साधारण दीड-पावणेदोन किलो भरतं, त्याला २५० ते ३०० वॉटची ब्रशलेस मोटर बास, ९०० केव्हीच्या आसपासची (इथे केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट), ३ सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी आणि ११ बाय साडेपाच इंचांचा प्रॉपेलर. वॉटमीटर लावून किती अँपिअर ओढतंय ते जमिनीवरच बघा. जास्त ताकदीची मोटर घातली तर विमान चांगलं उडत नाही, पंख तेवढ्या स्पीडसाठी बनलेलाच नाही, ते नाक वर करून माकडासारखं चढत सुटतं. त्याचसाठी मोटर किंचित खाली आणि किंचित उजवीकडे रोखलेली लागते, दोन-तीन अंश. माउंटच्या वरच्या स्क्रूमागे एक वॉशर टाकला की नाक खाली रोखतं, मागून बघताना डावीकडच्या स्क्रूमागे टाकला की उजवीकडे.

चॅनल तीनच लागतात, रडर, एलिव्हेटर आणि थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग. दोन ९ ग्रॅमचे सर्व्हो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), मेटल गिअरचे घ्या. रिमोटमध्ये फेलसेफ सेट करा, म्हणजे सिग्नल गेला तर मोटर बंद झाली पाहिजे, आणि हे खरंच होतं का ते विमान धरून, रिमोट बंद करून बघा.

पंख बॉडीवर रबर बँडने बांधायचा, स्क्रूने नाही. हे बघून नवीन माणसाला हे खेळणं वाटतं, पण पंख कशाला अडकला की रबर सुटतात आणि पंख वाचतो. दर वेळी कमीत कमी आठ, शेवटचे दोन फुलीसारखे. उन्हात ठेवलेले रबर तडकतात, टाल्कम पावडर टाकून डब्यात ठेवायचे.

जागा, परवानगी, आणि नाशिकची गंमत

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे आळस करायचा नाही. आपलं शहर म्हणजे ओझरला विमानतळ, हवाई दल आणि लढाऊ विमानं बनवणारी एचएएल, गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग स्कूल, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. कुठेही मोकळं मैदान दिसलं म्हणून उडवायचं असं इथे चालत नाही. ड्रोन नियम २०२१ मध्ये आपली विमानं पण येतात, २५ किलोपर्यंतचं, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं ते मॉडेल. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा उघडून आपली जागा कुठल्या रंगात आहे ते आधी बघायचं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक, लाल असेल तर विषयच नाही. नोंदणीचं पण आधीच तपासा, नकाशा बदलतो म्हणून प्रत्येक सीझनला परत बघा.

रंग हिरवा असला तरी जमीन कोणाची तरी असते. आम्ही त्र्यंबकच्या बाजूला भात कापून झालेल्या खाचरात उडवतो, शेतकऱ्याला विचारून, आणि गावात सरपंच आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालून. एकदा न सांगता गेलो तर ‘ड्रोन आलाय, कोणीतरी रेकी करतंय’ म्हणून अर्धं गाव जमलं, मास्तरांचा एक जुना विद्यार्थी त्या गर्दीत निघाला म्हणून निभावलं. खाचराचे बांध आधी चालून बघा, चाक अडकायची जागा तीच. द्राक्षाचे मंडप, विजेच्या तारा आणि ढोरं, तिन्हीपासून लांब. संक्रांतीचा आठवडा सुट्टी, मांजा पंखाची पुढची कड ब्लेडसारखी कापतो.

पहिलं उड्डाण

थंडीत सकाळी साडेसहा ते साडेआठ, धूर सरळ वर जात असेल तर भारी. जायच्या आधी घरीच बॅलन्स: पंखाखाली दोन बोटं, प्लॅनवर सीजीची, म्हणजे बॅलन्स पॉइंटची, जी खूण आहे तिथे, खूण नसेल तर पंखाच्या रुंदीच्या पुढून एक तृतीयांशावर, आणि विमान बोटांवर सपाट किंवा नाक जरासं खाली राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेलं तर टायरवाल्याचं वजन नाकात, नाही म्हणायचं नाही. बॅटरी आत ठेवूनच हे करायचं, हे सांगावं लागतंय यातच काय ते समजा.

मैदानावर मागे उभं राहून, मोठ्याने बोलत: रडर उजवा म्हटलं की उजवीकडे गेला पाहिजे, एलिव्हेटर ओढला की मागची फळी वर. दुसऱ्याने बघून ‘बरोबर’ म्हणायचं, ज्याच्या हातात रिमोट त्याने स्वतःला बरोबर म्हणायचं नाही. आमचं एक विमान यातच गेलं, रिमोटमध्ये दुसऱ्या विमानाची मेमरी सिलेक्ट होती आणि एलिव्हेटर उलटा चालत होता, वर ओढलं तसं ते जास्तच खाली आलं, तीन सेकंदांचं आयुष्य. मग रेंज चेक, रिमोट रेंज मोडवर टाकून तीसेक पावलं लांब जायचं.

मोटर बंद ठेवून आधी गवतात दोन-तीनदा नुसतं ग्लाइड करून बघायचं. वाऱ्याच्या समोर तोंड, चार पावलं पळत सरळ, जमिनीला समांतर ढकलायचं, वर फेकायचं नाही, भाला नाहीये तो. सरळ उतरत पंचवीस-तीस पावलं गेलं की तयार. नाक वर करून थबकलं तर पुढे वजन, धपकन खाली गेलं तर थोडं काढा.

मग थ्रॉटल पाऊण, मित्राने सोडायचं, आणि पायलटने शक्य तेवढं काहीच करायचं नाही. खरंच. नवीन माणूस रिमोटच्या काड्या घुसळतो, ताक केल्यासारख्या, आणि विमान त्यामुळेच पडतं. उंची घेतली की थ्रॉटल अर्ध्यावर, ट्रिम (रिमोटवरच्या छोट्या बटणांनी विमान सरळ जाईल असं जुळवायचं), आणि मग बोटं काढून बघा, ते स्वतः उडतंय का. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं, त्याला सोपा उपाय, जो पंख खाली गेलाय त्याच्याकडे काडी न्या, खालून टेकू दिल्यासारखी. टायमर सहा मिनिटांवर लावा, बॅटरी पूर्ण संपेपर्यंत थांबू नका. उतरवताना वाऱ्याच्या समोरून, मोटर बंद, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर हलकंसं ओढायचं, बाकी ते बघून घेतं.

आणि एक धोका जो ड्रोनवाल्यांना माहीतच नाही. फेब्रुवारीनंतर दहा वाजले की जमीन तापते, घारी पंख न हलवता गोल गोल वर जायला लागतात, आणि त्याच गरम हवेत आपलं विमान सापडलं तर मोटर बंद असूनही ते खाली येत नाही. फ्री फ्लाइटच्या काळात यासाठी विमानात जळती वात ठेवायचे, ती जळत येऊन दोरा कापायची, शेपूट टपकन वर उचललं जायचं आणि विमान सपाट खाली यायचं. आपण काय करायचं तर घाबरून नाक खाली दाबायचं नाही, स्पीड वाढून पंख मिटतात, बाजूला सरकायचं, घारी नाहीत तिकडे, आणि रडर देऊन मोठी गिरकी घेत उंची सोडायची. आणि पंखाखाली बॉडीच्या आत नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची, पाण्याने न पुसणाऱ्या शाईने.

ती चिठ्ठी आम्ही ‘आजी’ गेल्यानंतर लावायला लागलो असतो, पण टर्नरने नशिबाने आधीच लावलेली. मार्चमधली सकाळ, उशीर झालेला, शेवटचं एक म्हणून सोडलं आणि दोन घारींच्या मधे ते ठिपक्याएवढं होऊन डोंगरापलीकडे गेलं. दोन दिवस बाइकवरून शोधलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, “ओ दादा, तुमचं इमान आमच्या बागंत मंडपावर बसलंय, कावळे लई वरडून ऱ्हायले.” गेलो तर द्राक्षाच्या तारेत रेशीम फाटलेलं, तीन रिब्ज मोडलेल्या, बाकी विमान शाबूत, बाजूला शेतकऱ्याने प्रत्येक तुकडा वेचून रिकाम्या क्रेटमध्ये ठेवलेला. त्याच्या पोराने प्रॉपेलरचा मोडका तुकडा पण शोधला होता, तो मात्र त्याने मुठीतून सोडला नाही.